कन्सोल निवडताना जुन्या लेखांच्या नादी लागू नकोस

अरे, विश्रामबागेतल्या खोलीवर जुन्या पीसीत फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीस, झकास. पण जुने लेख वाचून 'सिसकॉन्स' हा जुना कन्सोल (नुसत्या अक्षरांचा पडदा) परत आणू नकोस. 2016 च्या 11.0 आवृत्तीपासून 'व्हीटी' हाच आपसूक मिळणारा कन्सोल आहे. सिसकॉन्सला युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरं साठवायची पद्धत) कळत नाही, यूईएफआयवर (नव्या मशीनची सुरू होण्याची पद्धत) तो चालत नाही. आणि नवा ग्राफिक्स ड्रायव्हर चढला की एक्समधून (खिडक्यांच्या ग्राफिक पडद्यातून) परत येताना पडदा काळाच! मी तसा रात्रभर बसलोय, लेका. कुठला चालू आहे ते सिसकटीएल या कमांडला 'कर्न.व्हीटीवाय' विचारून बघ. कीमॅपची (कीबोर्डच्या मांडणीच्या फाइलींची) नावं बदललीत, ती व्हीटीच्याच फोल्डरमधून घे. देवनागरीची मात्र आशा सोड: फाँट घातलास तरी जोडाक्षरं जुळत नाहीत, आपल्या 'कृष्णा'ची पार वाट लागते. मराठी वाचायचं तर सरळ एक्स चालू कर.