गाडीचं दुखणं : पुतण्याची रेसची टाकी

प्रश्न : वडिलांनी घेतलेली १९७२ सालची अँबॅसेडर मी अजून चालवतो. दर पौर्णिमेला तुळजापूर, मधूनच अक्कलकोट, एवढीच तिची धाव. सहा महिन्यांपासून डिकी उघडली की पेट्रोलचा भपकारा येतो. फिल्टर पंधरा दिवसांत तांबूस गाळानं भरतो. पुण्याचा पुतण्या म्हणतो, ‘काका, जुनी टाकी फेका, रेसच्या गाड्यांना असतो तसा फ्युएल सेल मागवू.’ मिस्त्री डिकीचा पत्रा कापायला तयार आहे. काय करू? 
– एक वाचक, विजापूर रोड, सोलापूर

उत्तर : आधी मिस्त्रीला फोन करून थांबवा, मग पुढचं वाचा.

फ्युएल सेल म्हटलं की हल्ली हायड्रोजनवर वीज करणारं यंत्र डोळ्यांपुढे येतं. पुतण्या म्हणतोय ते वेगळं. ती पेट्रोलचीच टाकी, पण तीन पदरी. बाहेर पत्र्याची पेटी, आत रबर चढवलेल्या मजबूत कापडाची पिशवी आणि पिशवीत स्पंजासारखा फोम. धडकेत पेटी चेपली तरी पिशवी वाकते, फाटत नाही. फोममुळे पेट्रोल हिंदकळत नाही आणि आत वाफेचा भडका एकदम पसरत नाही. फोम जागा खातो ती शंभरात तीन-चार भागच. वस्तू अस्सल आहे, त्याबद्दल वाद नाही. शर्यतीत उलटणाऱ्या गाडीला ती हवीच. तुमची गाडी तुळजापूरच्या घाटात तिसऱ्या गिअरवर जाते, ती कशाला उलटतेय?

आणि ही टाकी जन्माची नसते. आंतरराष्ट्रीय मोटार शर्यतींच्या नियमांत अशा पिशवीचं आयुष्य बनल्या तारखेपासून ५ वर्षं धरतात. नंतर बनवणाऱ्यानं तपासून दिली तर आणखी २. तुमची पत्र्याची टाकी पन्नास वर्षं टिकली, हे विसरू नका. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साधा फोम त्यात मऊ पडून कालांतरानं चुरतो आणि चुरा थेट फिल्टरमध्ये. म्हणजे आज तांबडा गाळ काढताय, उद्या पिवळा काढाल.

पत्रा कापण्याचं म्हणाल तर अँबॅसेडरला ट्रकसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, नाही. तळाचा पत्रा हाच गाडीचा कणा. डिकीत चौकोनी भगदाड पाडलं की मागचा भाग कमकुवत होतो, पुढच्या खड्ड्यात दार घासायला लागलं तर नवल नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे : कंपनीच्या मूळ नोंदीशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. टाकीला ते लागेल की नाही यावर वाद घालायची वेळ अपघातानंतर विमावाल्यासमोर येते, आणि तेव्हा तुमची बाजू लंगडी असते. पुढेमागे २०२१ च्या नियमांखाली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायचं मनात असेल, तर पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात हवी, बॉडी आणि इंजिनात फेरफार चालत नाही. अर्थात तशी नोंद झाली की रोजच्या वापराला बंदी येते, मग पौर्णिमेला एसटीच.

एकदा मीही हा उद्योग केलाय. अक्कलकोट रोडला माझं गॅरेज होतं तेव्हा एका मित्राच्या जीपला मागे वेगळी टाकी बसवली. टाकी जिच्यातून श्वास घेते ती हवेची नळी बाहेर काढायचा कंटाळा केला आणि ती आतच गुंडाळून ठेवली. एप्रिलात सकाळी त्यानं टाकी काठोकाठ भरली आणि दुपारी जीप उन्हात लावली. पेट्रोल एका अंशाला साधारण हजारातला एक भाग फुगतं. चाळीस लिटर, वीस अंशांचा फरक; पाऊण लिटर पेट्रोल नळीतून मागच्या सतरंजीवर. कुणी विडी पेटवली नाही म्हणून मी आज हे सदर लिहितोय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती डिकीच्या तळाशी बसून राहते.

म्हणून वासाचं मूळ शोधा. टाकी काठोकाठ भरल्यावरच वास येतो की अर्धी असतानाही? भरल्यावरच येत असेल तर दोष वरच्या बाजूला : पेट्रोल भरायच्या नळीचा रबरी जोड, त्याच्या क्लिपा, पेट्रोलची पातळी काट्याला कळवणाऱ्या फ्लोटखालचं वायसर. हे तिन्ही बदला. अर्ध्यावरही येत असेल तर तळाला गंजाचं भोक आहे. फिल्टरमधला तांबूस गाळ बघता मला हीच शंका जास्त.

तशी असेल तर टाकी उतरवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. गॅस वेल्डिंगची ज्योत तिच्याजवळ नेऊ देऊ नका, मिस्त्री कितीही जुना असो. पेट्रोल काढून, साबणाच्या पाण्यानं अनेकदा धुवून, मूठभर बारीक साखळी आत टाकून अर्धा तास हलवा. गंजाचे पापुद्रे सुटतात. मग फॉस्फरिक आम्लाचं पाणी फिरवून पूर्ण सुकवा. बारीक भोकांना जुना रेडिएटरवाला कथलाचा डाग देतो. शेवटी आतून टाकीचं सीलर, म्हणजे भोकं बुजवणारा लेप, पण इथेनॉल सोसणारं आहे का हे डब्यावर वाचून घ्या. पत्रा बोटानं दाबून आत जात असेल तर हा सगळा खटाटोप सोडा आणि त्याच मापाची नवी पत्र्याची टाकी करून घ्या. रबरी पाईपही इथेनॉल सोसणारेच घ्या. जुने चिरतात आणि वास पुन्हा सुरू.

पुतण्या ऐकतच नसेल तर त्याला एवढंच विचारा : गाडी उलटली की आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह हवेच्या नळीला आहे का? नळीचं तोंड गाडीबाहेर काढणार का? डिकी आणि मागच्या सीटमध्ये अखंड पत्रा घालणार का? पेटीला अर्थिंगची तार जोडणार का? आणि फ्लोट किती ओहमचा, म्हणजे विजेला किती रोध करणारा? अमेरिकन फ्लोट रिकाम्याला २४० आणि भरल्याला ३३ ओहम दाखवतो, तुमचा काटा त्याला जुळला नाही तर टाकी भरलेली असतानाही ‘रिकामी’ दिसेल. जुना फ्लोट मल्टीमीटरवर मोजून आकडा लिहून ठेवा, टाकी कुठलीही बसवा, तो लागेल.

तोवर टाकी पाऊणच भरा आणि गाडी सावलीत लावा.