अतिरेक्यांशी 'तह' होतो का?

प्रश्न थोडक्यात असा. अफगाण सरहद्दीला लागून असलेल्या वझिरिस्तानात पाकिस्तान सरकारने २००४ ते २००६ या काळात सशस्त्र गटांशी बोलणी करून जे कागद केले, त्यांवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद चालू आहे. अनुवादकाने मथळा दिला, 'आदिवासी भागातील अतिरेक्यांशी सरकारचा तह'. संपादकांनी 'तह' खोडून 'शांतता करार' केलं. अनुवादकाचं म्हणणं असं की तह हा आपला मुरलेला शब्द आहे आणि 'शांतता करार' म्हणजे सरकारी पत्रकाची भाषा. तर बरोबर कोण?

मथळ्यापुरतं बोलायचं तर संपादक बरोबर. पण त्यांनी खोडायला हवा होता तो शब्द वेगळाच, 'आदिवासी'. त्याकडे नंतर येतो, आधी तह.

तह म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पुरंदर, सालबाई, वसई ही नावं येतात. दोन दरबार, दोघांचे वकील, कलमं, शिक्के. तहाला समोर कोणीतरी तोलाचं लागतं. घरमालक आणि भाडेकरू करार करतात, भाऊ-भाऊ समेट करतात. तह मात्र राज्यांचा. (घरात नवरा-बायकोचा 'तह' झाला असं आपण थट्टेने म्हणतो ते त्यामुळेच. दोघेही स्वतंत्र सत्ता आहेत हे त्यात गृहीत असतं.) हिंदीभाषक मित्राला हा शब्द सांगून बघा, तो घडीबद्दल किंवा थराबद्दल बोलायला लागेल. तिकडे तो स्त्रीलिंगी आहे आणि अर्थ पार निराळा. राजकारणातला तह हा मराठीने जपलेला खास शब्द आहे, म्हणून अनुवादकाला त्याचा मोह पडला असणार. मलाही पडला असता.

पण पुरंदरचाच तह घ्या. १६६५ साल. महाराजांचा राज्याभिषेक व्हायला अजून नऊ वर्षं आहेत. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले, संभाजीराजांच्या नावे पाच हजारी मनसब आली. आपण याला तह म्हणतो, शाळेत तसंच शिकलो. मोगलांच्या बाजूने बघितलं तर तो तह नव्हता. त्यांच्या लेखी एक बंडखोर सरदार शरण आला आणि बादशहाने त्याला माफी दिली. कागद तोच, किल्ले तेवढेच, फक्त शब्द बदलला की समोरच्याची उंची बदलते. वरून खाली दिलेल्या अशा अभयाला मराठेशाहीत वेगळा शब्द होता, कौल. परागंदा झालेल्या रयतेने गावी परतावं म्हणून कौलनामा दिला जाई, किल्ला खाली करणाऱ्या शिबंदीला कौल दिला जाई. कौल देणारा वर आणि घेणारा खाली, यात शंकेला जागा नसे. आज हा शब्द वापरला तर वाचकाला निवडणुकीचा निकाल किंवा देवळातला गुरव आठवेल, म्हणून तो बाद. पण तह आणि कौल यांच्यातला फरक मनात ठेवा, कारण वझिरिस्तानात भांडण नेमकं त्यावर होतं.

२४ एप्रिल २००४, दक्षिण वझिरिस्तानातलं शकई. मार्चमध्ये कलोशाच्या कारवाईत सैन्याला चांगलाच मार बसला होता. मग जिर्ग्यामार्फत, म्हणजे जमातीच्या पंचसभेमार्फत, बोलणी झाली आणि पेशावरचे कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल सफदर हुसेन स्वतः शकईला गेले. समोर नेक मुहम्मद, वझीर जमातीतल्या सशस्त्र गटाचा तिशीच्या आतला म्होरक्या. हजारोंच्या साक्षीने गळ्यात हार पडले, गळाभेट झाली. इस्लामाबादने सांगितलं की हे लोक सरकारला शरण आले, त्यांना माफी दिली. म्हणजे कौल. नेक मुहम्मदने बातमीदारांना जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा: मी त्यांच्याकडे गेलो नाही, ते माझ्याकडे आले, आता कोण कोणाला शरण गेलं ते तुम्हीच ठरवा. म्हणजे तह, आणि तोही जिंकणाऱ्याने केलेला. पश्तून रिवाजात कोण कोणाच्या दारी गेलं याला कलमांपेक्षा जास्त वजन असतं. क्षमा मागणारा स्वतः दारी जातो, त्याला 'ननवाते' म्हणतात. जनरलसाहेब शकईला गेले तिथेच अर्धा निकाल लागला होता.

उरलेला अर्धा एका शब्दावर अडला, नोंदणी. त्या भागात राहणाऱ्या परदेशी लढवय्यांनी सरकारदरबारी नोंद करायची, असं सरकार म्हणत होतं. नेक मुहम्मद म्हणाला, मी हे कबूलच केलेलं नाही. महिनाभर मुदती वाढत गेल्या, जूनमध्ये पुन्हा तोफा सुरू झाल्या आणि १८ जूनला तो वानाजवळ क्षेपणास्त्राने मारला गेला. पाकिस्तानच्या हद्दीतला अमेरिकेचा हा पहिला ड्रोन हल्ला मानला जातो.

तर इथे 'तह' लिहायचं की नाही? लिहिलं तर तुम्ही नेक मुहम्मदची बाजू घेतली. 'शरणागती' लिहिलं तर सरकारची. अनुवादकाने कोणाचीच घेऊ नये, म्हणून 'करार'. हा शब्द मुळात अरबी. तिथे त्यात स्थिरावणं, ठरणं असा भाव आहे. उर्दूतल्या 'बेकरार'मध्ये तोच करार बसलाय. मराठीत त्याला उंची नाही: कंत्राटदाराशीही होतो, शेजारी राष्ट्राशीही होतो. हीच त्याची सोय.

'शांतता' हे विशेषण मात्र मी अवतरणाशिवाय लावणार नाही. ते जाहिरातीतलं विशेषण आहे. फेब्रुवारी २००५ मध्ये दक्षिण वझिरिस्तानातल्या सरारोघ्याला महसूद जमातीतला तालिबान म्होरक्या बैतुल्ला महसूद याच्याशी करार झाला. त्याने सरकारवर हल्ले करायचे नाहीत आणि परदेशी लोकांना थारा द्यायचा नाही, असं ठरलं. हत्यारं खाली ठेवण्याचा विषयच नव्हता. २००७ च्या ऑगस्टमध्ये त्याच बैतुल्लाच्या माणसांनी दोनशेहून जास्त जवान एका फटक्यात ताब्यात घेतले. याला 'सरारोघा करार' म्हणावं. गावाचं नाव जोडलं की भागतं, जसं आपण 'वसईचा' म्हणतो आणि पुढे 'मैत्रीचा' असं लावत नाही.

आता मिरानशाह. हे प्रकरण शब्दांच्या दृष्टीने सगळ्यात गमतीचं आहे, कारण भानगड शब्दात नसून त्याच्या आधीच्या विभक्तीत आहे. करार कोणा'शी' झाला? ५ सप्टेंबर २००६ रोजी उत्तर वझिरिस्तानातल्या मिरानशाहमध्ये फुटबॉलच्या मैदानावर सह्या झाल्या. सरकारतर्फे सही पोलिटिकल एजंटची, म्हणजे त्या मुलखाच्या सरकारी कारभाऱ्याची. समोरच्या बाजूला उत्मानझई जमातीचे वडीलधारे, आणि त्यांच्याच ओळीत स्थानिक मुजाहिदीन, तालिबान आणि उलेमा (धर्मपंडित). पाकिस्तानचे तेव्हाचे अध्यक्ष जनरल मुशर्रफ त्याच महिन्यात वॉशिंग्टनला गेले तेव्हा सांगत होते की हा करार जमातींच्या वडीलधाऱ्यांशी आहे, तालिबानशी नाही. मग पुढच्या जुलैत, इस्लामाबादच्या लाल मशिदीवरच्या कारवाईनंतर चारपाच दिवसांत, करार संपला असं जाहीर कोणी केलं? तालिबानने. जो पक्षकारच नव्हता त्याने करार मोडला! मुशर्रफ यांचा दावा तिथेच निकालात निघाला असं माझं मत आहे.

अर्थात ते निव्वळ खोटं बोलत होते असंही नाही. त्या प्रदेशाचा कारभार १९०१ च्या सरहद्द गुन्हे कायद्यावर चालत होता. त्यात माणूस नाही, जमात जबाबदार. एकाने गुन्हा केला की दंड सगळ्यांना, अटकही कोणालाही. सरकार मलिकांशी, म्हणजे जमातीच्या सरकारमान्य प्रमुखांशी, बोलणार, मलिक जमातीची हमी देणार, ही शंभर वर्षांची घडी होती. मिरानशाहचा कागद त्याच घडीत बसवला गेला. फक्त तोवर कितीतरी मलिक तालिबानच्या हातून मारले गेले होते, आणि उरलेले हमी देणार ती ज्यांच्या धाकात राहत होते त्यांचीच. आपल्याकडेही सहीच्या अधिकारावरून तह उलटला आहे. १७७९ मध्ये वडगावला इंग्रज फौज कोंडीत सापडली, मुंबईकर इंग्रजांनी तह केला, आणि कलकत्त्याहून हेस्टिंग्जने तो अधिकाराबाहेरचा म्हणून झिडकारला. 'युद्धात जिंकलो, तहात हरलो' हे वाक्य आपण उठताबसता वापरतो, पण तहात समोर सही करणारा माणूस कोण होता हे कमी विचारतो.

म्हणून मिरानशाहबद्दल लिहिताना 'तालिबानशी करार' किंवा 'जमातींशी करार' असं एकच पद टाकू नका. 'जमातीचे वडीलधारे आणि स्थानिक तालिबान यांच्याशी करार' असं लांबलचक लिहा. मथळ्यात मावत नसेल तर नुसतं 'मिरानशाह करार'.

'शस्त्रसंधी' ही वेगळी चीज. ती फक्त बंदुका थांबवते, बाकीचं कशाचंही वचन देत नाही. पाकिस्तानी तालिबान आणि सरकार यांच्यात नोव्हेंबर २०२१ मध्ये अफगाण तालिबानच्या मध्यस्थीने महिनाभर गोळीबार थांबला आणि ९ डिसेंबरला मुदत संपताच सुरू झाला. २०२२ च्या जूनमध्ये बेमुदत थांबला, नोव्हेंबरअखेर पुन्हा सुरू. याला शस्त्रसंधीच म्हणायचं, करार नाही. पश्तूनांत याला जुना शब्द आहे, 'तीगा'. तीगा म्हणजे दगड. दोन घराण्यांचं वैर पेटलं की जिर्गा मध्ये पडतो आणि दगड ठेवतो. तो आहे तोवर कोणी कोणावर हात उगारायचा नाही, वैर मात्र जागच्या जागी. शस्त्रसंधीचा अर्थ समजावून सांगायला याहून नेमकं काही सापडणार नाही.

'समेट' आणि 'सलोखा' दोन्ही इथे चालणार नाहीत. समेट आपसातल्या भांडणाचा. सलोखा त्याहून घरगुती. शेतकऱ्यांच्या आपसातल्या जमिनींच्या अदलाबदलीला महाराष्ट्र सरकारने 'सलोखा योजना' नाव दिलं ते अगदी योग्य आहे, भाऊबंदकीला शोभणारं. जुन्या पत्रांत 'सलूख' राजकीय अर्थाने भरपूर येतो, पण तो आज कोणी बोलत नाही.

आता 'आदिवासी'. इंग्रजी लेखात त्या प्रदेशाचं जे नाव असतं, 'ट्रायबल एरियाज', त्याचा हा शब्दशः उतारा, आणि तो चुकलेला आहे. मराठीत आदिवासी म्हटलं की जव्हार, धडगाव, भामरागड डोळ्यांपुढे येतं. जंगल, वनहक्क, आश्रमशाळा. वझीर आणि महसूद हे जमीनजुमला बाळगून असलेले, पिढ्यान्‌पिढ्या हत्यारबंद, इंग्रजांना वर्षानुवर्षं झुंजवणारे पश्तून. त्यांना आदिवासी म्हटलं की वाचकाच्या मनात पहिल्या ओळीपासून चुकीचं चित्र उभं राहतं. 'टोळी' हा जुना पर्याय; १९४७ च्या काश्मीरच्या हकिकतींत 'टोळीवाले' हाच शब्द आहे. पण आज टोळी म्हणजे दरोडेखोरांची किंवा मोबाइल चोरांची. माझी पसंती 'जमात' आणि 'पश्तून जमातींचा सरहद्द प्रदेश'. २०१८ मध्ये तो खैबर पख्तुनख्वा प्रांतात विलीन झालाय, तेव्हा आजच्या घटनांबद्दल लिहिताना सरळ प्रांताचं आणि जिल्ह्याचं नाव द्या.

त्याच लेखात आणखी दोन खड्डे नक्की लागतील. एक, 'लश्कर'. तिकडे लश्कर म्हणजे जमातीने स्वतः गोळा केलेला हत्यारबंद जमाव, बहुतेक वेळा सरकारच्या सांगण्यावरून तालिबानविरुद्ध उभा केलेला. ते सवयीने 'लष्कर' झालं की पाकिस्तानी सैन्यच गावात शिरल्यासारखं वाटतं. सैन्याला 'सैन्य' किंवा 'फौज' म्हणा आणि लश्कर 'श' ठेवूनच लिहा. दुसरा, 'एजन्सी'. विलीनीकरणाआधी उत्तर वझिरिस्तान ही एजन्सी होती, म्हणजे पोलिटिकल एजंटचा मुलूख. मराठी वाचकाला एजन्सी म्हणजे गॅसची. कोल्हापूरलाही एके काळी पोलिटिकल एजंट असे, त्यामुळे 'पोलिटिकल एजंट' तसंच ठेवायला हरकत नाही. एजन्सीला मात्र पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीचा खुलासा जोडा.

शेवटचं, तुम्ही विचारलेलं नाही पण अडणार आहे. 'युद्धबंदी' टाळा. मराठीत तो युद्ध थांबवण्याचा शब्द आहे, हिंदीत युद्धकैद्याचा, आणि हिंदी बातम्या ऐकणाऱ्या वाचकाची गफलत होते. शस्त्रसंधीचं लिंग विचाराल तर संस्कृतातला संधि पुल्लिंगी, पण मराठीत ईकारान्त झाल्यावर बहुतेक जण 'शस्त्रसंधी मोडली' असंच म्हणतात. 'मोडला'ही छापलेलं दिसतं. कोणतंही एक धरा आणि लेखभर तेच ठेवा.