मराठी माध्यम आडवं येत नाही, मार्क्सकार्डावरचं नाव येतं

खानापूर तालुक्यातलं गाव, दहावीपर्यंत मराठी शाळा, मग पीयूसी (आपल्या कर्नाटकातली अकरावी-बारावी), व्हीटीयूच्या, म्हणजे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, कॉलेजातून मेकॅनिकल, सीजीपीए ७.८, घरी चार एकर शेती. परदेशात एमएस करायचंय. मराठी माध्यम आडवं येईल का, आणि बेळगावच्या कन्सल्टन्सीला दीड लाख द्यावेत का, हे तुमचे दोन प्रश्न.

मी निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, माझीही दहावी मराठीतूनच. मास्टर्स जर्मनीत केलं, त्यामुळे तिथलंच खात्रीनं सांगते.

माध्यम मला कुणी विचारलं नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत बहुतेक ठिकाणी ६.५ बँड मागतात, तो मिळाला की विषय संपला. उच्चार आपल्याकडचा असला तरी मार्क जात नाहीत, बोललेलं समजलं पाहिजे. मला ऐकण्याचा पेपर जड गेला, कारण इंग्रजी आपण वाचतो फार आणि ऐकतो कमी. रोज अर्धा तास बातम्या ऐकल्यावर दोन महिन्यांत फरक पडला. निकाल दोनच वर्षं चालतो, म्हणून फार आधी देऊन बसू नका.

खरी अडचण नावाची आहे, आणि ती आपल्या भागात सगळ्यांत जास्त. माझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, कार्डावर माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण होतं. पीयूसीला आडनाव गायब झालं आणि मागे दोन इनिशियल आली. डिग्रीवर आडनाव पुढं. शाळेच्या दाखल्यावरचं नाव कन्नडातून इंग्रजीत आलेलं, म्हणून पासपोर्टावर स्पेलिंगच वेगळं. घरात आपण मराठी, दाखल्यात कन्नड, अर्जात इंग्रजी; प्रत्येक वळणावर एखादं अक्षर सांडतं. पहिल्या वर्षी माझा अर्ज याच कारणानं परत आला. अ‍ॅफिडेव्हिट करून पाठवेपर्यंत मुदत संपली होती. एक वर्ष गेलं, आणि आईनं ते वर्ष वखारीत काढलं. मला ती एका शब्दानं बोलली नाही.

म्हणून आज रात्रीच सगळी कार्डं, आधार आणि पासपोर्ट जमिनीवर ओळीनं मांडा आणि अक्षर न् अक्षर जुळवा. एसएसएलसीत चूक असेल तर दुरुस्ती हेडमास्तरांमार्फत बोर्डाकडे जाते आणि त्यात महिने जातात. किरकोळ फरकाला ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी अ‍ॅफिडेव्हिट नोटरीकडून करून घ्या. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. अमेरिकेच्या व्हिसावर मग पहिल्या नावाच्या जागी एफएनयू, म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन', छापून येतं आणि ते पुढं सगळीकडे चिकटतं. एका कागदावर बेळगाव नि दुसऱ्यावर बेळगावी असेल तर मात्र घाबरू नका. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, एवढं सांगता येतं.

ट्रान्सक्रिप्टच्या, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या विद्यापीठाकडून मिळणाऱ्या अधिकृत पत्रकाच्या, बाबतीत तुम्ही नशीबवान आहात. बिदरच्या किंवा म्हैसूरच्या पोराला ज्यासाठी रात्रभर प्रवास, ते व्हीटीयूचं मुख्य ठिकाण तुमच्या बेळगावच्या वाटेवर मच्छ्यातच आहे. काम अडलं तर स्वतः जाऊन उभे राहा.

जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र लागतं, म्हणजे तुमची शैक्षणिक कागदपत्रं तपासून दिलेला दाखला. फी १८,००० रुपये, आणि हातात यायला काही आठवडे जातात. तुमचा ७.८ तिथल्या हिशोबात किती? कमाल श्रेणीतून, म्हणजे १० मधून, तुमची वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण श्रेणीतल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. किमान श्रेणी ४ धरली तर २.१ येतो, ५ धरली तर २.३. तिथं आकडा जितका लहान तितका चांगला, आणि बऱ्याच कोर्सेसची रेषा २.५ ला असते. तेव्हा ७.८ वर लाजू नका.

बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नाही, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र परदेशी विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात. राहण्याखाण्याचे पैसे आधी ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ती रक्कम वर्षाला ११,९०४ युरो आहे, म्हणजे शंभराचा भाव धरला तर बारा लाखांच्या घरात. दर महिन्याला ९९२ युरो तुमचे तुम्हालाच परत मिळतात.

इथं बाबांशी आधीच बोला. चार एकरांचा उतारा घेऊन बँकेत गेलात तर बहुधा परत पाठवतील. कर्ज थकलं तर बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, म्हणून शैक्षणिक कर्जाला ती तारण म्हणून सहसा चालत नाही. साडेसात लाखांपर्यंत साधारणपणे तारण मागत नाहीत, त्यावर घर लागतं. गावठाणातलं घर असेल तर पंचायतीचा ई-स्वत्तू हा मालमत्तेचा ऑनलाइन उतारा, म्हणजे फॉर्म ९ आणि ११, निघालाय का ते आत्ताच बघा. शेत गहाण पडणार नाही हे ऐकून माझ्या मामांना हायसं वाटलं होतं, तुमच्या घरीही वाटेल.

आता कन्सल्टन्सी. देऊ नका. त्यांच्याकडून मला आलेल्या एसओपीत, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणाऱ्या अर्जासोबतच्या निवेदनात, पहिलंच वाक्य होतं की लहानपणापासून मला यंत्रांची आवड आहे. आमच्या घरी यंत्र म्हणजे एक टेबलफॅन. दुसऱ्या वर्षी मी स्वतः लिहिलं: वखारीतली धूळ, आईचा खोकला, आणि शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एक्झॉस्ट पंख्याची जागा बदलून हवेचा झोत कसा मोजला ते, आकड्यांसकट. तीन ठिकाणी अर्ज केला, दोन ठिकाणी प्रवेश मिळाला. तुमच्याकडेही असं काही असणार. खानापूरच्या पावसात पंप, विहीर, भाताची मळणी बघत वाढलेल्या मेकॅनिकलवाल्याला विषय शोधायला दीड लाख कशाला?

शिफारसपत्राला सर म्हणतील, तूच लिहून आण, सही करतो. मलाही म्हणाले. मी पत्र लिहिलं नाही. त्यांच्या हाताखाली काय केलं, कुठं चुकले, ते कसं सुधारलं, याचं एक पान टिपण नेऊन दिलं आणि म्हटलं, "सर, तुमच्या शब्दांत चार ओळी लिहा." त्यांनी दोन पानं लिहिली. पत्र कॉलेजच्या ईमेलवरून जाऊ द्या, खासगी पत्त्यावरून आलेल्या पत्राकडे संशयानं बघतात.

अमेरिकेत एमएसचा खर्च बहुतेक आपणच उचलावा लागतो. इंजिनिअरिंगच्या पीएचडीला मात्र बहुधा फी माफ आणि वर स्टायपेंड असतो. संशोधनाची ओढ असेल तर तिकडे जरूर बघा, अर्ज साधारण डिसेंबरात भरतात. जर्मनीच्या हिवाळी सत्राच्या तारखा कोर्सप्रमाणे मार्च ते जुलै अशा पसरलेल्या असतात.

कार्डं मांडून झाली की कुठल्या कागदावर कुठलं नाव आहे ते खाली कमेंटमध्ये लिहा. फक्त फरक लिहा, नंबर नको. आधी काय दुरुस्त करायचं ते मी सांगेन.