थॉर्नटन संत नाही, स्टॅमकोस लोभी नाही

चि.,

म्हातारपणी कमी पैशांवर सही करणाऱ्या हॉकीपटूंवरचा तुझा लेख वाचला. सोलापुरात पहाटे गजर लावून बर्फावरची हॉकी बघणारं पोरगं आहे, याचंच मला अप्रूप. (उन्हाळ्यात तेवढाच गारवा!) पण लेका, स्वस्तात सही केली म्हणून थॉर्नटनला तू पार संत करून टाकलंस आणि मोठा करार घेतला म्हणून स्टॅमकोसला पैशाचा लोभी ठरवून मोकळा झालास. ते काही पटलं नाही.

आधी व्यवहार बघ. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जुना कारागीर कमी मजुरीवर राहिला, तर वाचलेले पैसे मालकाचे. एनएचएलमध्ये, म्हणजे ही मंडळी खेळतात त्या उत्तर अमेरिकेतल्या हॉकी लीगमध्ये, 2005 पासून प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला कमाल मर्यादा आहे. संघ त्या मर्यादेला टेकलेला असेल, तर म्हाताऱ्यानं सोडलेल्या पैशातून आणखी एखादा चांगला बचावपटू घेता येतो. टेकलेला नसेल, तर तिथंही मालकाचंच फावतं. करारावर लिहिताना पहिल्यांदा हे तपासायचं. तू तपासलं नाहीस.

थॉर्नटन 2020 मध्ये 7 लाख डॉलरवर टोरंटोला गेला. त्या वेळचं किमान वेतनच ते. वय 41, तोवरची कमाई 10 कोटी डॉलरच्या वर, आणि स्टॅनली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, एकदाही नाही. त्याला आता पैसे कशाला हवे होते? कप हवा होता. तो शेवटपर्यंत मिळाला नाही, ही गोष्ट वेगळी.

बोस्टनचा बर्जरॉन मात्र नीट वाच, खरी मेख तिथं आहे. 2022 चा त्याचा एका वर्षाचा करार 25 लाख डॉलरचा दिसतो. पण थोडे सामने खेळला की वर आणखी 25 लाख बोनस. पस्तिशी ओलांडलेल्याला एका वर्षाच्या करारात असा बोनस देता येतो, आणि मर्यादेबाहेर गेलेली रक्कम संघाच्या पुढच्या वर्षाच्या मर्यादेतून कापली जाते. त्याचा संघातला जोडीदार क्रेची, त्याचंही तसंच. त्या हंगामात बोस्टननं विक्रमी 65 सामने जिंकले, पहिल्याच फेरीत फ्लोरिडाकडून हरले, दोघेही निवृत्त झाले. आणि सुमारे 45 लाखांचा बोजा मागे राहिलेल्यांच्या हंगामावर बसला. याला स्वस्त करार म्हणायचं का, तूच ठरव.

स्टॅमकोसकडे तॅम्पाकडून जिंकलेले दोन कप होते. मग चौतिसाव्या वर्षी कशासाठी पैसे सोडायचे? नॅशव्हिल संघानं चार वर्षं, दरवर्षी 80 लाख डॉलर देऊ केले. एक गुडघा गेला की पुन्हा असा कागद कुणी पुढं करत नाही. मी असतो तर मीही सही केली असती.

आणि कपापायी पैसे सोडणाऱ्या होसाला विसरू नकोस. 2008 मध्ये मोठ्या मुदतीचे देकार नाकारून तो एका वर्षासाठी डेट्रॉइटला गेला, अन् अंतिम फेरीत हरला तो ज्यांना सोडून आला त्या पिट्सबर्गकडूनच.

स्टॅमकोसचा परिच्छेद नव्यानं लिही. त्या वर्षी तॅम्पा मर्यादेच्या किती जवळ होतं, तो आकडा काढ आणि गुरुवारपर्यंत पाठव.

तुझा,
सर