वाचकांचे प्रश्न : दूरच्या लिनक्स सर्व्हरवरची बँडविड्थ मोजताना

प्रश्न : भाड्याच्या सर्व्हरवर व्हीएनस्टॅट हा बँडविड्थची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम बसवला आहे. ऑपरेटिंग सिस्टिम अपग्रेड केल्यापासून त्यात नवी नोंदच होत नाही. सर्व्हर मात्र सुरळीत चालू आहे. तपासणी कुठून सुरू करावी?

उत्तर : कर्नलपासून, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यापासून. व्हीएनस्टॅट स्वतः एकही पॅकेट बघत नाही. कर्नल प्रत्येक इंटरफेससाठी (नेटवर्कच्या जोडणीसाठी) जे काउंटर ठेवतो, तेच तो ठरावीक वेळाने वाचतो आणि डेटाबेसमध्ये टाकतो. म्हणून 'आयपी -एस लिंक' ही कमांड दहा सेकंदांच्या अंतराने दोनदा चालवा. बाइटचे आकडे वाढलेले दिसले तर नेटवर्क ठीक आहे, घोळ मोजणाऱ्याकडे आहे.

त्याच आउटपुटमध्ये इंटरफेसचे नाव नीट वाचा. अपग्रेडनंतर जुन्या ईथ० च्या जागी ईएनएस३ किंवा ईएनपी१एस० असे नाव येते आणि व्हीएनस्टॅट अस्तित्वातच नसलेल्या ईथ० ची वाट बघत राहतो. 'व्हीएनस्टॅट --ॲड -आय ईएनएस३' द्या, कॉन्फिग फाइलमध्ये 'इंटरफेस' या ओळीत जुने नाव असेल तर बदला आणि सर्व्हिस रीस्टार्ट करा. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये '-यू' हा पर्याय दिलेला असतो. तो पहिल्या आवृत्तीच्या काळातला आहे, २.० पासून तो चालत नाही.

नाव बरोबर असूनही नोंद होत नसेल तर 'व्हार/लिब/व्हीएनस्टॅट' या फोल्डरची मालकी तपासा. कोणीतरी डीमन (मागे सतत चालणारा व्हीएनस्टॅटचा भाग) एकदा हाताने रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ता, म्हणून चालवतो, डेटाबेसची फाइल रूटच्या नावावर जाते आणि नंतर सर्व्हिसला तिच्यात लिहिता येत नाही. 'जर्नलसीटीएल -यू व्हीएनस्टॅट' मध्ये ही तक्रार स्पष्ट दिसते. दुरुस्तीनंतर लगेच आकडे शोधू नका. मूळ सेटिंगप्रमाणे डीमन दर पाच मिनिटांनी डेटाबेसमध्ये लिहितो.

प्रश्न : एसएसएचवरून (दूरच्या सर्व्हरवर कमांड देण्याच्या जोडणीवरून) आयएफटॉप हा चालू ट्रॅफिकची यादी दाखवणारा प्रोग्रॅम चालवला की सर्व्हर रिकामा असतानाही ट्रॅफिक दिसते. उलट, डॉकरच्या कंटेनरमधला डेटाबेस भरपूर डेटा पाठवत असताना, प्रोसेसनुसार ट्रॅफिक दाखवणारा नेटहॉग्ज त्याच्या नावापुढे काहीच दाखवत नाही.

उत्तर : रिकाम्या सर्व्हरवरचे ते ट्रॅफिक बहुधा तुमचेच आहे. आयएफटॉप स्क्रीन पुन्हा पुन्हा रंगवतो, ती स्क्रीन एसएसएचमधून तुमच्याकडे येते आणि त्याच्याच यादीत जमा होते. शिवाय प्रत्येक पत्त्याचे नाव शोधण्यासाठी डीएनएसकडे विचारणा जातात, त्या '-एन' दिल्यावर थांबतात. एसएसएचचा पोर्ट २२ सरसकट गाळण्याचा सल्ला सगळीकडे मिळतो, पण तो मला पटत नाही. आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमचा बॅकअप बऱ्याचदा याच पोर्टवरून जातो आणि नेमका तोच दडून राहतो. त्यापेक्षा '-एफ' फिल्टरमध्ये फक्त स्वतःच्या संगणकाचा आयपी पत्ता वगळा.

नेटहॉग्जचे कारण वेगळे आहे. तो ज्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये (नेटवर्कच्या स्वतंत्र कप्प्यात) चालतो, तिथल्याच सॉकेटची सांगड प्रोसेसशी घालू शकतो, आणि कंटेनरची नेमस्पेस निराळी असते. कंटेनरच्या मुख्य प्रोसेसचा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) काढा आणि 'एनएसएंटर -टी पीआयडी -एन नेटहॉग्ज' असे चालवा. नेटहॉग्ज मुळात टीसीपीच मोजतो, त्यामुळे यूडीपीवर चालणाऱ्या क्विक या प्रोटोकॉलचे ट्रॅफिक त्यात सापडणार नाही. वायरगार्ड या व्हीपीएन टनेलचे काम तर कर्नलच्या आतच होते, तिथे दाखवायला प्रोसेसच नसते.

आणि दोघांचे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. आयएफटॉप बिट्समध्ये बोलतो, नेटहॉग्ज किलोबाइट्समध्ये. आठपटीचा फरक तिथूनच येतो.

प्रश्न : व्हीएनस्टॅटनुसार महिन्याचा वापर ४.५५ टीबी, होस्टिंग कंपनीच्या बिलात ५ टीबी. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही खरे असू शकते. व्हीएनस्टॅट मूळ सेटिंगमध्ये १०२४ च्या पटीत मोजतो, बिल बहुधा १००० च्या पटीत असते. टेराबाइटच्या पातळीवर हा फरक जवळजवळ १० टक्के होतो. तुमच्या ४.५५ ला १.०९९५ ने गुणा, ५.०० येतील. व्हीएनस्टॅटच्या छापील आकड्यापुढे 'टीआयबी' लिहिलेले असते, त्यातला मधला 'आय' नजरेतून सुटतो.

एवढ्याने हिशेब जुळला नाही तर महिना कधी सुरू होतो ते बघा. बिलाची तारीख १७ असेल तर कॉन्फिगमधल्या 'मंथरोटेट' मध्ये १७ घाला. कंपनी यूटीसीप्रमाणे दिवस बदलते आणि व्हीएनस्टॅट सर्व्हरच्या स्थानिक वेळेप्रमाणे, म्हणून महिन्याच्या कडेला काही तास इकडचे तिकडे होतात.

तुमचा आकडा बिलापेक्षा फारच कमी येत असेल तर 'मॅक्सबँडविड्थ' तपासा. आभासी सर्व्हरवर लिंकचा वेग बऱ्याचदा ओळखता येत नाही, मग व्हीएनस्टॅट १००० मेगाबिट ही मर्यादा धरतो आणि त्याहून वेगाने आलेला डेटा चुकीचा समजून टाकून देतो. लिंक १० गिगाबिटची असेल तर हे सहज घडू शकते. तिथे खरा वेग लिहा, किंवा शून्य लिहून मर्यादाच काढून टाका.

उलट, आकडा जास्त येत असेल तर तुम्ही इंटरफेसची बेरीज केली आहे का? टनेलमधून गेलेला बाइट आधी वायरगार्डच्या डब्ल्यूजी० वर मोजला जातो आणि मग पुन्हा ईएनएस३ वर. डॉकरच्या पुलाचेही (ब्रिज इंटरफेसचेही) तसेच. बिलाशी तुलना करायची ती फक्त बाहेरच्या इंटरफेसची. फायरवॉलने टाकून दिलेली येणारी पॅकेट्स मोजली जात नाहीत, हा समजही चुकीचा आहे. ती आय.पी.टेबल्स या फायरवॉलपर्यंत पोहोचण्याआधीच इंटरफेसच्या काउंटरवर चढलेली असतात.

प्रश्न : एसएनएमपीवरून (यंत्रांचे आकडे दुरून वाचण्याच्या प्रोटोकॉलवरून) दर पाच मिनिटांनी आकडे घेऊन आलेख काढतो. दुपारपर्यंत रेघ १०० मेगाबिटच्या पुढे चढते आणि ऐन गर्दीत अचानक ३०-३५ वर कोसळते. सर्व्हर मंद झालेला नसतो.

उत्तर : हा ३२ बिटच्या काउंटरचा क्लासिक नमुना आहे. 'आयएफइनऑक्टेट्स' हा येणाऱ्या बाइटचा काउंटर ४,२९,४९,६७,२९६ बाइट झाले की शून्यावर येतो. आलेख काढणारा प्रोग्रॅम एक फेरी ओळखून दुरुस्त करू शकतो, एकापेक्षा जास्त फेऱ्या झाल्या तर त्याला पत्ताच लागत नाही. पाच मिनिटांत एक पूर्ण फेरी म्हणजे सरासरी ११४.५ मेगाबिट प्रतिसेकंद. खरा वेग १५० असेल तर आलेखावर १५० वजा ११४.५, म्हणजे साधारण ३५ दिसतो. २५० असेल तर दोन फेऱ्या वजा होऊन २१. एक गिगाबिटच्या भरलेल्या लिंकवर तर काउंटर ३४ सेकंदांत फिरतो.

उपाय म्हणजे ६४ बिटचा 'आयएफएचसीइनऑक्टेट्स' आणि जाणाऱ्या ट्रॅफिकसाठी त्याचा 'आउट' जोडीदार. मात्र एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत ६४ बिटचे काउंटर मिळतच नाहीत, त्यामुळे व्ही२सी किंवा व्ही३ वापरावेच लागेल. आलेखाच्या साच्यात फक्त ओआयडी (काउंटरचा ओळखक्रमांक) बदलून एसएनएमपीची आवृत्ती तशीच ठेवली तर आलेख कोरा येतो. नमुन्यांमधले अंतर कमी करणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे.

प्रश्न : बॅकअपने सगळी लिंक खाऊ नये म्हणून टीसी या ट्रॅफिकचा वेग आवरणाऱ्या कमांडने मर्यादा घालायची आहे. चुकलो तर एसएसएचच बंद पडेल अशी भीती वाटते.

उत्तर : भीती रास्त आहे. मर्यादा घालण्याआधी सुटकेची वेळ लावून ठेवा : 'सिस्टिमडी-रन --ऑन-ॲक्टिव्ह=३०० टीसी क्यूडिस्क डेल डेव्ह ईएनएस३ रूट'. एसएसएच तुटले तरी पाच मिनिटांनी नियम आपोआप निघून जाईल. सगळे ठीक चालले तर तो टायमर रद्द करा.

टीसीत वेग '१०एमबिट' असा लिहा. '१०एमबीपीएस' लिहिले तर टीसी त्याचा अर्थ दहा मेगाबाइट घेतो, म्हणजे ८० मेगाबिट, आणि मर्यादा लागूच झाली नाही असे वाटते. इंटरफेसच्या मुळाशी, म्हणजे टीसीच्या 'रूट' वर, लावलेली ही मर्यादा सर्व्हरवरून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकलाच लागते. बॅकअप सर्व्हरकडे येत असेल तर तो पाठवणाऱ्या बाजूलाच आरसिंकच्या 'बीडब्ल्यूलिमिट' ने आवरणे सोपे. नियम खरोखर काम करतो आहे का, ते 'टीसी -एस क्यूडिस्क शो डेव्ह ईएनएस३' मधल्या 'ओव्हरलिमिट्स' च्या वाढत्या आकड्यावरून कळते.