गिट-फ्लो (गिट या कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या साधनात ब्रँच, म्हणजे कामाच्या समांतर शाखा, ठेवायची एक पद्धत) वापरूनही आमच्या ओपन सोर्स प्रकल्पात पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशी विनंती) महिनोन्महिने पडून राहतात. ब्रँचिंगची पद्धत बदलावी का?

बदला, पण तेवढ्याने तुंबलेलं मोकळं होणार नाही. तुम्ही लिहिलंय की पाच जण आहात, सगळे नोकरी सांभाळून करता, आणि तरी मेन, डेव्हलप, रिलीज, हॉटफिक्स असा ब्रँचचा सगळा लवाजमा आहे. २०१० साली गिट-फ्लो मांडणाऱ्या व्हिन्सेंट ड्रीसेन यांनीच २०२० मध्ये त्या लेखाला टीप जोडली, की सतत डिप्लॉय होणाऱ्या, म्हणजे नवे बदल लगेच वापरात आणणाऱ्या, वेब ॲपला याहून साधी पद्धत बरी. जुन्या आवृत्त्या सांभाळायच्या नसतील तर एक मेन, तिच्यातून निघून दोन-तीन दिवसांत परत येणाऱ्या ब्रँच आणि प्रत्येक आवृत्तीला टॅग. बास.

खरं दुखणं पुल रिक्वेस्टच्या आकाराचं आहे. आमचंच सांगतो. आम्ही चौघं मराठी शुद्धलेखन तपासणारं एक छोटं टूल सांभाळतो. मागच्या वर्षी कोणीतरी कळवलं की 'दऱ्या' लिहिलं की टूल 'दर्या' करतं. म्हणजे सह्याद्रीच्या दऱ्यांचा पार समुद्र! हा ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो: एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर, जो डोळ्यांना दिसतच नाही. आमच्या कोशात दुसरा प्रकार होता आणि कोणीतरी तो जॉइनर उडवला होता.

कोणत्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) चूक शिरली ते शोधणारं गिट बायसेक्ट लावलं. नऊशेच्या आसपास कमिट, दर फेरीला निम्म्या बाद, दहाव्या फेरीत चोर सापडला. पण ती कमिट होती २,३०० ओळींची आणि तिचा संदेश होता 'किरकोळ दुरुस्त्या'. चाळ सापडली, खोली नंबर नाही. एका उत्साही मुलाने फॉर्मॅटर चालवून सगळ्या फायली नीटनेटक्या केल्या होत्या, त्यातच 'फालतू अदृश्य कॅरेक्टर' साफ करणाऱ्या ११ ओळी घातल्या होत्या. मर्जचं, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये मिसळायचं, बटण मीच दाबलं होतं. २,३०० ओळी कोण वाचतो हो?

तेव्हापासून आमचं माप एकच: ठाणे ते दादर फास्ट लोकलमध्ये उभ्या उभ्या मोबाइलवर वाचून होईल एवढीच पुल रिक्वेस्ट. लिनक्स कर्नलच्या नियमांतही हेच आहे, एका पॅचमध्ये एकच प्रश्न सोडवा. फॉर्मॅटिंग वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे कोणती ओळ शेवटी कोणी बदलली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमला ती वगळायला सांगता येते. फाईलमध्ये दोन बदल एकत्र झाले असतील तर 'गिट ॲड -पी' कमिटमध्ये घ्यायचा का ते एकेक तुकडा दाखवून विचारतं, तिथेच वेगळे करा. रिव्ह्यूनंतरच्या दुरुस्त्या फिक्सअप कमिट (ही अमुक आधीच्या कमिटची दुरुस्ती, अशी खूण असलेली) म्हणून घ्या आणि शेवटी ऑटोस्क्वॉशने त्या मूळ कमिटमध्ये जागच्या जागी बसवा. पुश करताना (बदल सर्व्हरवर पाठवताना) तिथलं सरळ पुसून लिहिणारा नुसता फोर्स नको, मध्ये कोणी काही पाठवलं नाही ना ते आधी बघणारा फोर्स-विथ-लीज वापरा, नाहीतर दुसऱ्याचं काम पुसलं जाईल.

एक सावधगिरी. सगळ्या कमिटची एकच कमिट करून मिसळणारं 'स्क्वॉश अँड मर्ज' सर्रास दाबू नका. बदल छोटा असेल तर उत्तम, पण कोणी पाच कमिट नीट निवडून-पाखडून दिल्या असतील तर त्या बटणाने सगळ्याचा काला होतो आणि बायसेक्ट पुन्हा चाळीच्या दारातच उभं.

आणि उत्तर द्या, दोन दिवसांत. 'नको, हे आपल्या कक्षेत बसत नाही' हेही चालतं. 'बघतो' मात्र नको. 'बघतो' ऐकलेला माणूस परत येत नाही, हा माझा अनुभव. आमचा तो फॉर्मॅटरवाला मुलगा आला, कारण त्याला त्याच रात्री कळवलं की नेमकं काय मोडलं. जॉइनरची टेस्ट त्यानेच लिहिली. १९ ओळी, दादर यायच्या आत वाचून झाली.

आत्ता जो ढीग पडलाय त्यातली सगळ्यात छोटी आज उचला. सहा महिन्यांहून जुन्या आणि मेनशी आदळणाऱ्या रिक्वेस्ट मात्र कारण लिहून बंद करा. ज्याला गरज असेल तो तुकडे करून परत पाठवेल.