टेनिसची पहिली मॅच खेळायला येतोयस ना?

भावा, फोरहँड-बॅकहँड नंतर बघू. रविवारी मॅचला उतरणार असशील तर एवढं सांभाळ.

सगळ्यात मोठा घोळ लाइन-कॉलचा, म्हणजे बॉल आत की बाहेर हे सांगण्याचा. आपल्या मॅचला अंपायर नसतो. तुझ्या बाजूला पडलेल्या बॉलचा निर्णय तूच द्यायचा, लगेच आणि मोठ्यानं. रेषेला नुसता चाटून गेला तरी आत. शंका आली की पॉइंट समोरच्याचा. 'दिसला नाही, परत खेळू' चालत नाही. मी सुरुवातीला हे इतक्यांदा केलं, की साताऱ्यातले एक काका वैतागून रॅकेट पिशवीत भरायला लागले होते.

दुसरं, दम. नवा गडी पहिले तीन गेम अजिंक्यतारा चढल्यासारखा पळतो आणि चौथ्याला गुडघ्यावर हात! दोन पॉइंटमध्ये २५ सेकंद मिळतात, ते वापर. पाठ फिरव, नॅपकिननं तळवा पूस, श्वास घे. बाजू बदलताना ९० सेकंद असतात, तेव्हा बस, पाणी पी. (सेटच्या पहिल्या गेमनंतर मात्र बसायचं नाही.)

बाकी बारीकसारीक:
- सर्व्हिसआधी स्कोअर मोठ्यानं बोल. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.
- बॉल शेजारच्या कोर्टात गेला तर त्यांचा पॉइंट संपेपर्यंत थांब.
- डबल्समध्ये पार्टनर चुकला तर तोंड वाकडं करू नकोस. त्याला कळलेलं असतं.

स्पिन, व्हॉली वगैरे पुढच्या महिन्यात. बॉलचा नवा डबा मी आणतो, तू बूट नीट बघून घाल. रनिंगचे नकोत, पाय मुरगळतो.